जिवंतांची मुदत

एका गावात एक भोळा सैनिक होता. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण हा सरकारनं सतरा वर्षं वापरून परत पाठवलेला होता. गावाचं नाव हिवरतळ आणि त्याचं नाव संपत ढाणे. पलटणीत तो नायक होता, म्हणजे हुद्द्यानं. या गोष्टीत तो नायक झाला तो दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून.

संपतचा एकच गुण होता. सांगितलेलं तो ऐकायचा. जेवढं सांगितलं तेवढंच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. सरहद्दीवर असताना एकदा साहेबांनी त्याला शिध्याच्या पेटीवर नजर ठेवायला सांगितलं. भरदुपारी कुणीतरी येऊन पेटी उघडली आणि आतली साखर नेली. संपतनं पेटीवरची नजर हलवली नाही. साहेबांनी साखरेचं विचारलं तेव्हा त्यानं पेटी दाखवली. पेटी जागच्या जागी होती. अशा माणसाला लष्करात कुणी वाईट म्हणत नाही, फक्त बढती देत नाही.

त्याची बायको वैजयंता. ती गावच्या अंगणवाडीत सेविका होती. दोघांच्या वाट्याची मिळून जी काही अक्कल होती, ती देवानं सगळी तिच्याकडेच ठेवायला दिली होती. बारावीला ती तालुक्यात दुसरी आली, मग लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. आता तिला पर्यवेक्षिका व्हायचं होतं. त्या जागेला पदवी लागते. वयाची अट जवळ येत चालली होती आणि या वर्षी बीएला नाव लागलं तरच पदवी वेळेत हातात पडणार होती. नाहीतर मग जन्मभर पोरांची वजनं करून दुसऱ्या कुणा पर्यवेक्षिकेला कळवायची. वैजयंताच्या डोक्यात उठताबसता तेवढंच होतं.

तालुक्याच्या कॉलेजात माजी सैनिकांच्या बायकांसाठी मोठी सोय होती. जागा राखीव, फी माफ, वर पुस्तकं फुकट. एवढ्या मोठ्या सोयीसाठी 'माजी सैनिक सहाय्य कक्ष' अशी पाटी लावलेली एक खोलीही होती. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. पण त्या आठवड्यात गावात लसीकरण चाललं होतं आणि वैजयंताला अंगणवाडीतून हलता येत नव्हतं. नवरा मात्र मोकळा होता. तो मोकळाच असायचा. तिनं अर्ज भरला, त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "कॉलेजात जावा. त्या खोलीचं साहेब कोण हाईत ते विचारा. तिथली मानसं सांगतील तसं करा."

हुकूम स्वच्छ होता. सोमवारी संपत बुटांना पॉलिश करून कॉलेजात गेला. सहाय्य कक्षाला कुलूप होतं. खिडकीतून आत पाहिलं तर मोडकी बाकं, क्रिकेटचे स्टंप आणि गेल्या गणपतीचं मखर दिसत होतं. शेजारच्या खिडकीत भोकरे नावाचे कारकून बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की कक्षप्रमुख खरमाटे सर येतील, थांबा.

संपत थांबला. पाय जुळवून, छाती काढून, दाराला पाठ देऊन थांबला. अकराच्या सुमाराला खरमाटे सर आले. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, संपतच्या हातात दिलं आणि चहाला गेले. चार वाजता परत आले, हेल्मेट घेतलं आणि घरी गेले. संपतला थांबायला सांगितलं होतं, बोलायला नाही. कॉलेज बंद झालं तेव्हा भोकऱ्यांनीच त्याला दाराबाहेर काढलं.

घरी वैजयंतानं सगळं ऐकून घेतलं. "आवं, हेल्मेट धरायला गेलावता व्हय? साहेब घावला की त्येची पाठ सोडायची न्हाई. जातील तिकडं मागनं जायचं."

संपतनं ते पक्कं ध्यानात ठेवलं.

मंगळवारी त्यानं खरमाटे सरांना फाटकातच गाठलं आणि तीन पावलं मागं ठेवून त्यांच्यामागून चालू लागला. सर वर्गात गेले, संपत वर्गात गेला. सर कॅन्टीनमध्ये गेले, संपत त्यांच्या खुर्चीमागं उभा राहिला. सर मुतारीत गेले. संपतही गेला आणि शेजारी सावधान उभा राहिला. एवढं झाल्यावर कुणीही विचारलं असतं की बाबा रे, तू कोण. पण तोवर कॉलेजभर बातमी झाली होती की खरमाटे सरांना संरक्षण मिळालंय. सरांना आजवर कुणी धमकी दिली नव्हती. धमकी देण्याजोगं त्यांनी काही केलंच नव्हतं. दुपारपर्यंत दोन प्राध्यापकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि असल्या वेळी चौकशी करून स्वतःचं नुकसान करून घेण्याइतके सर कच्चे नव्हते.

संध्याकाळी सर स्कूटरवर बसले. संपत स्कूटरमागून पळाला. पलटणीत तो पळायला चांगला होता. घराच्या फाटकात सरांनी शेवटी विचारलं की काय पाहिजे. संपत म्हणाला, काही नाही साब, मागं यायला सांगितलंय. कुणी सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, घरून. सरांनी फाटक लावून घेतलं. अर्ज खिशात तसाच राहिला, कारण अर्जाचं काही सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी वैजयंतानं कपाळाला हात लावला, पण तो लगेच काढला, कारण पुढचं सांगायचं होतं. "नुस्तं मागनं हिंडून कुनाला काय कळनार? त्वांड उघडायचं. चारचौघांत, मोठ्यांदा सांगायचं. मी माजी सैनिक हाय, मला सवलत पायजे. ह्यात लाजायचं काय?"

संपतनं हेही ध्यानात ठेवलं.

बुधवारी त्याला चारचौघे शोधावे लागले नाहीत. सगळं कॉलेज सभागृहात जमलेलं होतं. संस्थेचे जुने उपाध्यक्ष वारले होते आणि त्यांची शोकसभा चालली होती. संपत आत गेला तेव्हा सगळे उठून उभे होते. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. इतकं शांतपणे आपलं कुणी ऐकून घेईल असं त्याला वाटलं नव्हतं. परेडच्या मैदानावर घालतात त्या आवाजात त्यानं सांगितलं, "मी माजी सैनिक हाय. मला सवलत पायजे."

मागच्या रांगेतल्या मुलांना वाटलं भाषणं सुरू झाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उपाध्यक्षांच्या घरच्यांनी मागं वळून पाहिलं. मग ते मौन पहिल्यापासून पुन्हा सुरू करावं लागलं आणि त्याआधी संपतला बाहेर नेऊन सोडावं लागलं.

ही हकिगत ऐकताना वैजयंतानं पदर तोंडाशी धरला. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बुधवार संपला होता. मग ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मानसं गप उबी असली की आपुनबी गप ऱ्हायाचं. मान खाली घालायची. त्वांड उघडायचं न्हाई. डोळ्यात पानी आलं तर आनखी बरं. कळलं?"

कळलं होतं. संपतला सगळं कळायचं, दुर्दैव तेच होतं.

गुरुवारी भोकऱ्यांच्या खिडकीपुढं प्रवेशाची रांग होती. वीस-पंचवीस पोरंपोरी उभी होती. सगळी गप्प होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. हातात मोबाईल होते, पण संपतनं माना पाहिल्या. कॉलेजात आज पुन्हा कुणीतरी गेलेलं दिसतंय, असं म्हणून तो हळहळला आणि मान खाली घालून रांगेत उभा राहिला. पाणी काही डोळ्यात येईना. मग त्यानं पलटणीतल्या एका खेचराची आठवण काढली. बिजली नाव होतं. त्याच्या हातून गूळ खायची, एका हिवाळ्यात दरीत गेली. खिडकीपाशी पोचेपर्यंत संपतच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

भोकऱ्यांनी अर्ज घेतला. अर्जदार वैजयंता ढाणे, पत्नी. माजी सैनिकाचं नाव संपत ढाणे. त्यांनी विचारलं, हे संपत ढाणे कुठं आहेत, सोबत आलेत का. संपतनं मान आणखी खाली घातली. भोकऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, पण खिडकीपुढचे चेहरे ध्यानात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"गेले का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

संपतला बिजली दरीत जाताना दिसली. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

भोकरे खुर्चीतून उठले. त्यांना कामाच्या वेळात उठलेलं कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी अर्जावर आणि नोंदवहीत नावाच्या आधी 'कै.' लिहिलं, अर्ज जिवंतांच्या गठ्ठ्यातून काढून दुसऱ्या गठ्ठ्यात घातला आणि तडक खरमाटे सरांकडे गेले.

सर धावत आले. शनिवारी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. सहाय्य कक्षानं आजवर किती सैनिकांना सहाय्य केलं हे समिती विचारणार होती, आणि या प्रश्नाचं उत्तर मखरामागं दडवण्याजोगं होतं. तसे माजी सैनिक अधूनमधून यायचे. पण ते जिवंत असायचे आणि काही ना काही मागायचे. दिवंगत सैनिक मात्र काही मागत नाही. त्याला हार घालता येतो, त्याच्या पत्नीचा सत्कार करता येतो, वर फोटो काढता येतात. सरांनी संपतच्या खांद्यावर हात ठेवला. मंगळवारी दिवसभर मागं फिरलेला, बुधवारी सभेत ओरडलेला माणूस त्यांना ओळखू आला नाही, कारण त्यांनी कधी त्याच्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं. आपण त्यांचे कोण, असं त्यांनी विचारलं. संपत गप्प. "बंधू," सर स्वतःशीच म्हणाले. त्यांनी त्याला चहा पाजला, शनिवारी वहिनींना सत्काराला घेऊन यायला सांगितलं आणि उद्या दादांचा वर्दीतला एक चांगला फोटो आणायला सांगितलं.

संपतला एक गोष्ट खटकली. त्याला दादा नव्हता. पण कॉलेजातली माणसं त्याला स्वतःला आदरानं दादा म्हणत असावीत असं त्यानं धरलं.

घरी जाऊन त्यानं सांगितलं की अर्ज घेतला, चहा पाजला, शनिवारी तुझा सत्कार आहे. वैजयंताच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिला आधी खरं वाटेना. मग ती हसली आणि मग तिच्या डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं माळ्यावर पडलेली पुस्तकं आता खाली येणार होती.

"बगा," ती म्हणाली, "गप ऱ्हायलात आन काम झालं. आता शनिवारपातुर कायबी होऊंद्या. मान खाली आन त्वांड बंद."

शहाण्या माणसाच्या हातून चूक झाली की ती मूर्खाच्या चुकीपेक्षा मोठी असते. वैजयंताची ही पहिलीच चूक होती.

शुक्रवारी संपत फोटो घेऊन गेला. फोटो त्याच्या चोविसाव्या वर्षीचा, मिशांचे आकडे, गालफडं बसलेली. आता मिशा नव्हत्या आणि गाल भरून आले होते. खरमाटे सर फोटोकडं बघून म्हणाले, बंधूंत साम्य आहे. मग त्यांनी कामाला माणूस नव्हता म्हणून संपतलाच खिळा ठोकायला सांगितला. संपतनं सभागृहात खिळा ठोकला, स्वतःचा फोटो लावला आणि सांगितलं तसा त्याला हार घातला. हार एका बाजूला कलला होता, तो त्यानं दोन पावलं मागं सरून, नीट बघून, सरळ केला. सत्कार म्हटला की हार आलाच.

त्याचं अक्षर चांगलं होतं. म्हणून सरांनी दाराशी ठेवायच्या फळ्यावर नाव लिहायलाही त्यालाच बसवलं. त्यानं 'नायक संपत ढाणे' असं लिहिलं. सर वैतागले. "आमच्या नोंदीत काय आहे ते बघा. कै. संपत ढाणे. नोंदीत जसं आहे तसंच लिहायचं असतं. एका अक्षराचा फरक पडला की अर्ज बाद होतो."

अर्ज बाद होता कामा नये. संपतनं ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि सुबक अक्षरात नोंदीप्रमाणं लिहिलं. लष्करात नावाआधी हुद्दा लावतात, तसा कॉलेजात हा लावत असावेत. सतरा वर्षांत नायकापुढं न गेलेल्या माणसाला बढती मिळाली, तर तो फार चौकशी करत नाही. संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं की फोटो लावला, हार घातला, नावाआधी नवीन हुद्दाही दिला. वैजयंता साडीला इस्त्री करत होती. तिनं बरं म्हटलं.

शनिवार उजाडला. वैजयंता ठेवणीतली हिरवी साडी नेसून, नथ घालून, कपाळभर कुंकू लावून कॉलेजात आली. दारातला फळा गर्दीनं झाकला होता. तिला हात धरून व्यासपीठावर नेलं. समितीच्या अध्यक्षा म्हणून आलेल्या बाईंनी तिची नथ पाहिली, कुंकू पाहिलं आणि शेजारी कुणाला तरी म्हणाल्या की किती पुरोगामी गाव आहे. मग वैजयंतानं मागं वळून पाहिलं. भिंतीवर तिचा नवरा होता. त्याला हार होता, खाली समई होती आणि उदबत्ती होती.

खरमाटे सरांनी माईक हातात घेतला. देशासाठी झिजलेल्या संपतरावांना आपण आज कसे आठवतो आहोत, ते त्यांनी बराच वेळ सांगितलं. वैजयंता उठून त्यांच्याजवळ गेली.

"साहेब, कायतरी चुकतंय. आमचं मालक जित्तं हाईत."

सरांनी माईक बाजूला धरला आणि कळवळून म्हणाले, "ताई, आमच्यासाठीही ते कायम जिवंतच राहतील." मग माईक परत तोंडाशी नेऊन त्यांनी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली.

सगळे उभे राहिले. खांबापाशी संपत होता. माणसं गप्प उभी आहेत हे त्यानं पाहिलं. हुकूम स्वच्छ होता. त्यानं मान खाली घातली, तोंड मिटलं आणि बिजलीला आठवलं.

"त्ये बगा," वैजयंता म्हणाली, "त्या खांबापशी. त्येच हाईत."

सभागृहानं तिकडं पाहिलं. एक माणूस सावधान उभा राहून घळाघळा रडत होता. सर पुटपुटले की दीर फार खचलेत. वैजयंता व्यासपीठाच्या कडेला आली. एवढ्या माणसांत नवऱ्याला हाक मारायची तिला सवय नव्हती, पण आता लाजून चालणार नव्हतं.

"आवं, बोला की. सांगा ह्यास्नी."

कायबी होऊंद्या, असं तिनंच सांगितलं होतं. संपत बोलला नाही. स्वतःच्या मौनात स्वतःच इतका मनापासून सामील झालेला माणूस त्या सभागृहानं पूर्वी पाहिला नव्हता.

वैजयंताला एक आठवलं. लग्नानंतर ती दोन वर्षं त्याच्याबरोबर छावणीत राहिली होती. हजेरीला नाव पुकारलं की हा झोपेतसुद्धा ओ द्यायचा. तिनं श्वास घेतला आणि हवालदारासारखी हाक दिली, "नायक संपत ढाणे!"

"हाजिर, साब."

खांब हादरला. वैजयंतानं डोळे मिटून घेतले. सुटलो, असं तिला वाटलं. तेवढ्यात अध्यक्षाबाई डोळ्यांना रुमाल लावून म्हणाल्या, "किती सुंदर प्रथा आहे. गेलेल्या जवानाचं नाव पुकारलं की त्याचा साथीदार ओ देतो. मी वाचलं होतं, आज पाहिलं." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वाचलेल्या माणसाला समोरचं दाखवणं फार अवघड जातं.

आता मात्र वैजयंताला राग आला. इतका राग तिला त्या आठवड्यात एकदाही आला नव्हता. तिनं भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला. व्यासपीठावरून खाली उतरली. फोटोचा हार काढून तिनं तो नवऱ्याच्या गळ्यात घातला आणि फोटो त्याच्या गालाला गाल लावून धरला. वरच्या ओठावर तिनं आपली दोन बोटं आडवी ठेवली, म्हणजे मिशा झाल्या.

"बगा आता," ती म्हणाली. "माज्या कपाळाला कुक्कू हाय. मला मेलेल्याची सवलत नगं. जित्त्याची हाय ती द्या."

या वेळचं मौन कुणी जाहीर केलेलं नव्हतं. अध्यक्षाबाईंनी फोटो बघितला, माणूस बघितला आणि मग बराच वेळ खरमाटे सरांना बघितलं. खरमाटे सरांनी भोकऱ्यांना बघितलं. भोकरे नोंदवही घेऊन उभे राहिले.

"जिवंतांची मुदत काल संपली," ते म्हणाले.

वैजयंता मटकन खाली बसली. ती रडली नाही, पण तिच्या तोंडावरचा रंग उतरला. पदवी गेली, जागा गेली, वय तर जातच होतं. संपतला ते दिसलं. सगळं सांगितल्याप्रमाणं करूनही हे असं का होतं, ते त्याला कधीच कळलं नव्हतं.

अध्यक्षाबाईंनी थंडपणे विचारलं, की अर्ज गुरुवारी आला होता का. आला होता. मग तो मुदतीतच आहे, आणि त्याचा निकाल आमच्यासमोर लागू दे, आम्हाला तेवढंच लिहून न्यायचंय. खरमाटे सरांना एकाएकी सगळं शक्य वाटू लागलं. भोकऱ्यांनी अर्ज काढला. दिवंगताच्या अर्जाला सही लागत नाही, पण जिवंताच्या अर्जाला त्याची स्वतःची सही लागते, आणि ती जागा मोकळी होती. तेवढी झाली की प्रवेश पक्का. आता दुसरा अर्ज मिळायचा नव्हता, म्हणून हा जपायला हवा होता. भोकऱ्यांनी नवीन पेन दिलं.

संपतनं पेन घेतलं नाही. तो भोकऱ्यांकडं बघत राहिला. मेलेल्या माणसाची सही लागत नाही, हे त्यानं आत्ताच ऐकलं होतं.

"आवं, करा की सही," वैजयंता म्हणाली.

"साबांनी मला मयत केलंय," संपत म्हणाला. माणसं आता गप्प उभी नव्हती, तेव्हा तोंड उघडायला हरकत नव्हती. "हुकूम ज्यानं दिला त्यानंच मागं घ्यावा लागतो."

सगळ्यांनी खरमाटे सरांकडं पाहिलं. अध्यक्षाबाईंनी वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली. सरांनी घाम पुसला, माईक घेतला, घसा खाकरला आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "संपत ढाणे, जिवंत व्हा."

"जी, साब."

संपत जिवंत झाला. कक्ष स्थापन झाल्यापासून एखाद्या सैनिकाला तिथून मिळालेला हा पहिलाच लाभ होता.

मग तो टेबलाशी बसला. हार मध्ये येत होता, तो त्यानं खांद्यावर टाकला. वैजयंता त्याच्या मागं उभी राहिली आणि तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. संपतनं सावकाश, सुबक अक्षरात, जिथं सांगितलं तिथं सही केली आणि कागद सरळ करून ठेवला.

वैजयंतानं वाकून पाहिलं. सहीच्या जागी लिहिलं होतं, कै. संपत ढाणे.

जिवंत व्हायचा हुकूम मिळाला होता. हुद्दा काढून घेतल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

भोकऱ्यांनी अर्ज उचलला. दुसऱ्या हातात नोंदवही धरली. चष्मा सारखा केला आणि एका अक्षरावर एक बोट ठेवत दोन्हीकडचं ताडून पाहू लागले. खरमाटे सर छताकडं बघत होते. वैजयंतानं नवऱ्याच्या खांद्यावरचा हार मुठीत घट्ट धरला होता आणि त्यातल्या शेवंतीचा चुरा खाली पडत होता.

भोकऱ्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नोंदीशी जुळतं." आणि त्यांनी प्रवेशाचा शिक्का मारला.